सौर वीज युनिटमागे कितीला पडते? गोरेगावच्या एका गाळ्याचा हिशेब

जोगेश्वरी आणि गोरेगावच्या सीमेवर पसरलेला ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. या बाजाराला कपाटे आणि पलंग पुरविणारे एक गृहस्थ गोरेगाव पश्चिमेच्या एका लहान औद्योगिक वसाहतीत स्वतःच्या मालकीचा गाळा चालवितात. साठी ओलांडलेली, मूळ गाव रत्नागिरीकडचे. सारी वसाहत त्यांना चाचा म्हणते, म्हणून आम्हीही चाचाच म्हणतो. एके दिवशी दुपारच्या नमाजनंतर ते आमच्याकडे आले ते हातात एक रंगीत कोटेशन घेऊनच.

कोटेशन छतावर बसविण्याच्या सौर पॅनेलचे होते. दहा किलोवॅटची यंत्रणा, किंमत करासह ६ लाख रुपये, आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ : “वीज फक्त १ रुपया ६० पैसे युनिट, २५ वर्षे.” चाचांच्या गाळ्यात पट्टीकरवत, रंदा मशीन, पॉलिशचा कॉम्प्रेसर आणि भुसा ओढणारा पंखा दिवसभर चालतो. महिन्याला तेराशे युनिटच्या आसपास वीज लागते. त्यांचा मुलगा म्हणत होता, “अब्बा, विचार कसला करता, सही करून टाका.” चाचा म्हणाले, “एक रुपया साठ पैशांत आज चहाही मिळत नाही. हा माणूस वीज कशी देणार, ते आधी मला समजावून सांगा.”

आम्हाला वाटते, हा प्रश्न एकट्या चाचांचा नाही. गोरेगाव, मालाड, कुर्ला, साकीनाका येथील आमच्या अनेक कारागीर बांधवांच्या हाती अशी कोटेशने पडत आहेत. म्हणून तो हिशेब येथे सविस्तर मांडतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की वस्तू खोटी नाही. सिलिकॉनचा सौर घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने जगापुढे आणला, तेव्हा तो पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्के उन्हाची वीज करी. आज बाजारातील साधे पॅनेल वीस टक्क्यांहून अधिक करते. १९७० च्या दशकाच्या मध्यास एका वॅटच्या पॅनेलला आजच्या हिशेबाने शंभर डॉलरच्या आसपास मोजावे लागत. आता एका डॉलरच्याही बऱ्याच खाली ते मिळते. इतक्या वेगाने उतरलेला दुसरा माल आम्ही तरी पाहिलेला नाही. तेव्हा सौर वीज स्वस्त झाली हे खरेच आहे. प्रश्न एवढाच की ती तुमच्या छतावर, तुमच्या भांडवलात, तुम्हाला कितीला पडते.

वर्तमानपत्रांत येणाऱ्या आकड्यांनी येथे थोडा घोटाळा केला आहे. २०१७ साली राजस्थानातील भडला येथील लिलावात २ रुपये ४४ पैसे आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे असा युनिटचा दर निघाला. हे आकडे खरे आहेत. पण ते शेकडो मेगावॅटच्या, मोकळ्या जमिनीवर उभारायच्या आणि पंचवीस वर्षांची खरेदी लेखी ठरलेल्या प्रकल्पांचे. गोण्यांनी घेतलेल्या साखरेचा भाव पावशेर साखरेला लावून कसे चालेल?

त्यांतल्या त्यात शिकण्यासारखा आकडा मध्य प्रदेशातील रीवा प्रकल्पाचा आहे. तेथे २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला. मग पंधरा वर्षे दरवर्षी पाच पैशांची वाढ ठरली. पंचवीस वर्षांचा मिळून एकच सपाट दर काढला तेव्हा तो ३ रुपये ३० पैसे भरला. म्हणजे पहिल्या वर्षाचा भाव वेगळा आणि आयुष्यभराचा भाव वेगळा. आपल्याला हवा तो दुसरा.

एक रुपया साठ पैसे आले कोठून?

विक्रेत्याचा हिशेब अगदी सोपा होता. एक किलोवॅट पॅनेल वर्षाला १,५०० युनिट देईल, म्हणजे दहा किलोवॅटचे १५,००० युनिट. पंचवीस वर्षांत ३ लाख ७५ हजार युनिट. सहा लाखांना तेवढ्याने भागले की १ रुपया ६० पैसे. भागाकारात चूक नाही. चूक आहे ती त्यात जे धरलेलेच नाही त्यात.

पहिली गोष्ट पावसाची. राजस्थानचे ऊन गोरेगावात नाही. जून ते सप्टेंबर आरेच्या डोंगरावर ढग बसले की उत्पादन उन्हाळ्याच्या निम्म्यापर्यंतही खाली येते. त्यात रस्त्याची धूळ, बांधकामांची सिमेंटची भुकटी आणि कबुतरे. चाचांच्या गाळ्यावर तर भुशाची धूळही उडते. मुंबईत किलोवॅटमागे वर्षाला १,३०० युनिट धरणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. दहा किलोवॅटचे १३,००० होतात.

दुसरी गोष्ट झिजेची. पॅनेल जुने होते तसे थोडे थोडे मंद होते. बऱ्याच कंपन्या पंचवीसाव्या वर्षी मूळ ताकदीच्या ऐंशी टक्के किंवा थोड्या अधिकाची हमी देतात. आम्ही दरवर्षी पाऊण टक्क्याहून किंचित कमी, म्हणजे ०.७ टक्के घट धरली. अशा रीतीने पंचवीस वर्षांत २ लाख ९९ हजार युनिट होतात. सहा लाखांना भागा, भाव २ रुपयांवर आला.

तिसरी गोष्ट खर्चाची. पॅनेल पंचवीस वर्षे टिकले तरी इन्व्हर्टर टिकत नाही. पॅनेलची वीज आपल्या यंत्रांना चालेल अशी करून देणारा तो डबा दहा-बारा वर्षांत एकदा बदलावा लागतो असे धरून चालावे. त्याचे ७० हजार. धुणे, वायरी तपासणे, विमा मिळून वर्षाला ८ हजार, म्हणजे पंचवीस वर्षांचे २ लाख. एकूण खर्च ८ लाख ७० हजार आणि युनिटचा भाव २ रुपये ९० पैसे. हे ७० हजार आणि ८ हजार आमचे अंदाज आहेत. ज्याच्या त्याच्या कोटेशनाप्रमाणे ते बदलतील, पण शून्य मात्र कोणाचेच नसतात.

येथपर्यंत चाचांच्या मुलाने मान डोलावली. २ रुपये ९० पैसे म्हटले तरी बिलातल्या दरापुढे काहीच नाही, असे तो म्हणाला. परंतु सर्वांत मोठी रक्कम अजून मांडायचीच होती, आणि तिच्यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला.

आजचे सहा लाख आणि पुढची पंचवीस वर्षे

पॅनेलचा सारा पैसा आज द्यायचा असतो. वीज मात्र थेंबाथेंबाने पंचवीस वर्षे मिळते. व्यापाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. तोच पलंग रोखीने एका भावाला जातो आणि सहा महिन्यांच्या उधारीने दुसऱ्या भावाला. तेव्हा आज दिलेला रुपया आणि पंधरा वर्षांनी वाचणारा रुपया एका पारड्यात कसे ठेवायचे? वीजप्रकल्पांचा हिशेब करणारे म्हणूनच पुढे मिळणाऱ्या प्रत्येक युनिटाला आणि पुढच्या प्रत्येक खर्चाला ठराविक कात्री लावतात आणि मग भागाकार करतात. वर्षाला १० टक्क्यांची कात्री धरली तर दहा वर्षांनी वाचणारे १०० रुपये आजच्या ३९ रुपयांच्या बरोबरीचे, आणि पंचवीस वर्षांनी वाचणारे १०० रुपये आजच्या केवळ ९ रुपयांच्या बरोबरीचे ठरतात.

चाचांनी येथे हात वर केला. “आम्ही व्याज घेत नाही, देत नाही. मग ही दहा टक्क्यांची भानगड आमच्या हिशेबात कशाला?”

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण ही कात्री म्हणजे कोणाला द्यायचे व्याज नव्हे. चाचांनी आपल्या गल्ल्यातले सहा लाख पॅनेलमध्ये घातले, तर तेवढ्याचे सागवान आणि प्लायवुड ते घेऊ शकणार नाहीत. त्या लाकडाची कपाटे होऊन विकली गेली असती, पैसा फिरला असता, त्यातून नफा सुटला असता. तो सोडलेला नफा ही पॅनेलची खरी किंमत आहे, मग खिशातून कोणाला एक पैसा व्याज जावो वा न जावो. आम्ही येथे कोणत्याही मसल्याचा निर्णय देत नाही. तो देण्याचा आमचा अधिकारही नाही. आम्ही फक्त एवढे विचारतो की स्वतःचे भांडवल फुकट आहे असे कोणता व्यापारी मानतो?

तर वर्षाला १० टक्के धरून आम्ही आकडे पुन्हा मांडले. पंचवीस वर्षांची युनिटे आजच्या तोलात १ लाख १२ हजार भरली. खर्च आजच्या तोलात ६ लाख ९५ हजार. भाव आला ६ रुपये २० पैसे.

एक रुपया साठ पैशांचे सहा रुपये वीस पैसे झाले. त्यात कोणी कोणाला फसविले असे आम्ही म्हणत नाही. विक्रेत्याला आपला माल विकायचा आहे आणि तुमच्या पैशाची किंमत धरणे हे त्याचे काम नाही. ते तुमचे काम आहे.

ज्याचा धंदा तेजीत आहे त्याने तर कात्री आणखी मोठी धरावी. भांडवलावर वर्षाला १८ टक्के सुटत असतील, तर हेच पॅनेल त्याला साडेनऊ रुपये युनिटने पडते. उलट ज्याचा पैसा घरात नुसता पडून आहे, त्याला ते तीन रुपयांच्या आसपास पडेल. एकाच वसाहतीतल्या दोन शेजाऱ्यांना एकच पॅनेल दोन भावांनी पडते ते असे.

याची तुलना कशाशी?

आता दुसरे पारडे. ६ रुपये २० पैसे महाग की स्वस्त, हे तुमच्या बिलावर ठरेल. गोरेगावात वर्षानुवर्षे १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लायचे, म्हणजे बीएसईएसचे बिल येई. मग ती रिलायन्सकडे गेली आणि २०१८ च्या ऑगस्टपासून हा कारभार अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे. २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उपनगरात टाटा पॉवरची वीज घेण्याची वाटही खुली झाली. कंपनी कोणतीही असो, बिलाच्या मागच्या बाजूला रकाने जवळपास तेच असतात आणि बहुतेक लोक ते वाचत नाहीत.

बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून “मला युनिट पंधरा रुपयांना पडते” असे म्हणणे चूक आहे. बिलात स्थिर आकार किंवा मागणी आकार असतो. पॅनेल बसविले तरी तो तसाच राहतो, कारण कंपनीचा खांब आणि मीटर तुमच्यासाठी उभे असतातच. वाचतात ते फक्त युनिटप्रमाणे लागणारे आकार : ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यांच्यावरचे वीजशुल्क. यांची बेरीज करून युनिटांनी भागा. उदाहरणापुरते आम्ही ११ रुपये धरतो. आपल्या बिलाचा आकडा प्रत्येकाने स्वतः काढावा. ११ रुपयांची वीज ६ रुपये २० पैशांत मिळत असेल तर सौदा चांगलाच म्हणायचा.

विक्रेते या पारड्यातही एक वजन टाकतात. विजेचा दर दरवर्षी पाच-सात टक्क्यांनी वाढेल असे धरून पंचवीस वर्षांची बचत दाखवितात. दर वाढतीलही. पण राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशांत अलीकडे दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावण्याकडे कल आहे. देशात सौर वीज दुपारी मुबलक होऊ लागली, तेव्हा उद्या दुपारचीच वीज स्वस्त झाली तर? पॅनेल तर दुपारीच पिकते. म्हणून आम्ही दरवाढ धरलेली नाही.

आमच्या बेकरीवाल्या बांधवांना येथे विशेष सांगावेसे वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद करून स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्यानंतर काहींनी विजेच्या भट्टीचा विचार सुरू केला आणि “छतावर सोलर लावा, भट्टी फुकट चालेल” असे सांगणारेही भेटू लागले. पण पाव भल्या पहाटे भाजला जातो. त्या वेळी ऊन कोठले? दुपारी पिकलेली जादा वीज कंपनीच्या तारांत जाते आणि नेट मीटरने तिची वजावट मिळते हे खरे. तरीही ज्यांना वेळेप्रमाणे दर लागतो, त्यांनी दुपारच्या युनिटाची पहाटेच्या युनिटाशी वजावट कशी होते ते कंपनीकडून लेखी समजून घ्यावे. चाचांचे तसे नाही. त्यांची करवत उन्हाबरोबर सुरू होते आणि उन्हाबरोबर थांबते. सुतारकामाइतका सौर विजेला जुळणारा धंदा विरळा.

आणखी एक गैरसमज. नेट मीटरवर चालणारी साधी यंत्रणा वीज गेल्यावर बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या कामगाराला झटका बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा भर दिवसा अशी पॅनेलेही मुकाट उभी राहिली असणार. वीज गेल्यावरही काम चालायचे असेल तर बॅटरी हवी, आणि बॅटरीचा खर्च धरला की वरचे सारे आकडे पुन्हा मांडावे लागतात.

छप्पर किती वर्षांचे?

येथपर्यंतचा हिशेब पाहून चाचांचा मुलगा पुन्हा सहीला तयार झाला. तेव्हा आम्ही विचारले, “पॅनेल पंचवीस वर्षांचे, पण तुमचे छप्पर किती वर्षांचे?” बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही.

गोरेगावात हा प्रश्न पुस्तकी नाही. १४३ एकरांच्या मोतीलाल नगरचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला आहे. सिद्धार्थ नगर, म्हणजे पत्राचाळ, येथील ६७२ भाडेकरूंच्या पुनर्विकासाचा करार २००८ साली झाला आणि पुढे कित्येक वर्षे तो रखडला. रहिवासी घरे सोडून बसले, नवी इमारत उभी राहीना. जुन्या औद्योगिक वसाहतींतही बिल्डरांच्या फेऱ्या सुरू आहेत. चाचांच्या वसाहतीत दोन सभा झाल्या आहेत. छप्परच पाडले जाणार असेल, तर पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असून काय उपयोग?

म्हणून आम्ही तोच हिशेब, तीच १० टक्क्यांची कात्री ठेवून, कमी वर्षांसाठी मांडला. छप्पर आठ वर्षे राहिले तर युनिट साधारण साडेनऊ रुपयांना पडते. सात वर्षे राहिले तर १० रुपये २८ पैसे. सहा वर्षांत ११ रुपये ३९ पैसे, म्हणजे कंपनीच्या विजेपेक्षा महाग. आणि पाचच वर्षांत इमारत उतरविली तर युनिट जवळजवळ १३ रुपयांना. काढलेल्या पॅनेलला काही किंमत येईल, आठव्या वर्षी लाखभर रुपये आले तर साडेनऊचे पावणेनऊ होतील. पण उतरवणे, नेणे, नवीन जागी सांगाडा उभारणे आणि पुन्हा मीटरची परवानगी घेणे यांतच ते बहुधा संपतात.

चाचांसाठी सीमारेषा सहा ते सात वर्षांच्या मध्ये कोठे तरी पडते. त्या अलीकडे तोटा, पलीकडे नफा. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कोटेशनात एकही ओळ नव्हती.

जे भाड्याच्या गाळ्यात आहेत त्यांची गोष्ट तर उघड आहे. अकरा महिन्यांच्या करारावर पंचवीस वर्षांची वस्तू लावू नये. जागामालकाने लावून द्यावी आणि युनिटप्रमाणे पैसे घ्यावेत, असे ठरले तर बरे. काही कंपन्या स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवून केवळ विजेचे युनिटमागे पैसे घेतात. ज्यांना कर्ज नको आणि भांडवलही अडकवायचे नाही त्यांना हा मार्ग मानवण्यासारखा आहे. मात्र या कंपन्या मोठे छप्पर आणि मोठे बिल शोधतात. एकट्या गाळ्याकडे सहसा पाहत नाहीत. सगळ्या वसाहतीने मिळून बोलणी केली तर दार उघडू शकेल. करारात दरवाढीचे कलम आणि मुदतीपूर्वी मोडल्यास भरपाई किती, हे दोन मुद्दे आधी वाचावेत.

मालकीच्या गाळ्यातही वरची गच्ची बहुधा सोसायटीची असते. ठराव आणि ना-हरकत पत्र लागते. सिमेंटच्या पत्र्यांवर तर पॅनेल चढविण्याचा विचारच करू नये. आणि छतावर उद्या सावली पडणार नाही ना, हेही पाहावे. शेजारी टॉवर उठला किंवा पाण्याची टाकी दक्षिणेला आली, तर काही पॅनेलांवरची सावली साऱ्या रांगेची वीज खाली ओढते. चाचांच्या गाळ्याच्या दक्षिणेला सध्या एक मोकळा भूखंड आहे. मुंबईत मोकळा भूखंड किती दिवस मोकळा राहतो?

लाकडाच्या कारखान्यांनी विम्याचा विचार अधिकच करावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात मोठी आग लागून अनेक दुकाने भस्मसात झाली. त्या आगीचा सौर पॅनेलशी संबंध होता असे आमचे म्हणणे नाही. परंतु पॅनेलमधून येणारी वायर ऊन असेपर्यंत जिवंत असते, खालचे मेन स्विच बंद केले तरी. भुसा आणि पॉलिशच्या जागेतून ती नेताना स्वस्तातला वायरमन शोधू नये, आणि पॅनेल बसविल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे.

सरकारी मदतीबद्दल एक खुलासा. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान घरांसाठी आहे, दुकान-कारखान्यांसाठी नाही. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण जास्तीत जास्त ७८ हजार रुपये. गृहनिर्माण सोसायटीच्या दिवे-पंप-लिफ्टसाठी किलोवॅटमागे १८ हजार. ज्याचे स्वतःचे घर आणि स्वतःचे छप्पर गावी आहे, त्याने तीन किलोवॅटचा १ लाख ८० हजारांचा संच लावला तर अनुदानानंतर आमच्याच पद्धतीने युनिट ३ रुपये ८५ पैशांच्या आसपास पडते. अनुदान नसते तर तेच ६ रुपयांवर गेले असते. कोकणात घर असलेल्या चाकरमान्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मात्र बंद घरावर पॅनेल लावून उपयोग नाही. वापर हवा.

धंद्याला अनुदान नसले तरी करात सवलत आहे. सौर यंत्रणेवर आयकरात वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. २०१७ च्या मार्चपर्यंत तो ८० टक्के होता. पण जे छोटे व्यापारी अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने कर भरतात, त्यांना हा घसारा वेगळा मागता येत नाही. सौर साहित्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा हातात त्याआधीचे कोटेशन असेल तर नवीन मागवावे. चाचांचे कोटेशन आम्ही त्याच कारणाने उलटसुलट करून पाहिले, तारीख कोठेच नव्हती.

संध्याकाळपर्यंत आकड्यांची चार पाने झाली. चाचांनी ती घडी घालून खिशात ठेवली. मुलगा म्हणाला, “म्हणजे लावायचे की नाही?” चाचांनी त्याला उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वसाहतीच्या सेक्रेटरींना पत्र दिले : गच्चीवर पॅनेल बसविण्यास परवानगी मिळावी, आणि पुनर्विकासाचा ठराव सात वर्षांच्या आत झाल्यास पॅनेलच्या उरलेल्या किमतीची भरपाई बिल्डरच्या करारात घालण्यात यावी. पत्राची पोच मिळाली आहे. कमिटीची सभा पुढच्या महिन्यात आहे.